बाण नसेल तर सरळ

सुई फोडातून आरपार गेली, आणि त्याच क्षणी फिलिपाच्या लक्षात आलं की अंगणात लिओनोरचा आवाज नाही.

म्हाताऱ्या ओत्ताव्हिओची टाच तिच्या मांडीवर होती. फोडात दोरा तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पण दोरा कापायला दोन्ही हात लागतात. तिनं मान वळवून दाराबाहेर पाहिलं. बादली दिसली, उन्हात पसरलेलं मांजर दिसलं. पोरगी दिसली नाही.

"लिओनोर!"

मांजरानं तेवढा कान हलवला.

"असेल इथंच," ओत्ताव्हिओ म्हणाला. तुरीन शहरात त्यानं जन्मभर ट्राम चालवली होती, आणि आता त्र्याहत्तराव्या वर्षी पायी यात्रेला निघाला होता. "माझा मुलगा असाच गप्प व्हायचा. जाऊन बघावं तर साखर खात बसलेला."

"माझी गप्प झाली की साखरेवर भागत नाही," फिलिपा म्हणाली. तिनं घाईनं दोरा कापला, कापूस ठेवला, पट्टी गुंडाळायला घेतली. खरं तर आठ वाजता धर्मशाळा रिकामी व्हायला हवी. बाकीचे यात्रेकरू अंधारातच काठ्या टेकत निघून गेले होते. पण हे पाय असे घेऊन या माणसाला बाहेर कसं काढायचं, म्हणून तिनंच त्याला थांबवून घेतलं होतं.

पट्टीचा शेवटचा वेढा बसतोय तोच फाटक कुरकुरलं. लिओनोर धापा टाकत आत आली. हात पाठीमागे, गाल लाल. फिलिपाचा जीव एवढा भांड्यात पडला की कुठं गेली होतीस हे विचारायचंच राहिलं. ती नुसती म्हणाली, "फाटकाबाहेर जायचं नाही सांगितलंय ना?" आणि उठली.

"पाणी घेतलंत?" तिनं ओत्ताव्हिओला विचारलं.

त्यानं छोटी बाटली दाखवली. "मोठीही भरून घेऊ का?"

"कशाला? पुढचं गाव जवळच आहे. उगाच ओझं होईल, पायावर येईल."

त्यानं लाल टोपी डोक्यावर चढवली, यात्रेची खूण म्हणून शिंपला बांधलेली पिशवी पाठीवर घेतली, तिच्या दोन्ही गालांना गाल लावले. रोज सकाळी कुणी निघालं की लिओनोर भोकाड पसरायची. आदल्या संध्याकाळी तर ती या म्हाताऱ्याच्या मांडीवरून उतरायलाच तयार नव्हती. ट्रामची घंटा कशी वाजते ते तो तिला तोंडानं वाजवून दाखवत होता. पण आज ती रडली नाही. हात पाठीमागेच ठेवून फाटकाशी उभी राहिली आणि ओरडली. "लवकर या हं!"

"येतो, येतो," म्हातारा हसला आणि लंगडत निघाला.

मग नेहमीचा रगाडा. चादरी काढणं, गाद्या उलट्या करून शिवणींतून ढेकूण बघणं, संडास धुणं, दोन्ही मजल्यांच्या फरशा पुसणं. दुपारी दार उघडेपर्यंत सगळं लखलखीत हवं. निघताना नवरा, रुई, म्हणाला होता, "सुट्टी काढून परक्या लोकांचे संडास घासायला परदेशात जाणारी तू पहिलीच." सासूबाईंनी तर पोरीला असल्या ठिकाणी न्यायचंच नाही म्हणून हात आडवा लावला होता. फिलिपा लग्नाआधी ही वाट पुरती चालली होती. तेव्हाच कुठल्याशा धर्मशाळेत तापानं फणफणली असताना एका अनोळखी बाईनं तिचं डोकं चेपलं होतं, आणि तेव्हापासून आपणही कधीतरी पंधरा दिवस सेवा करायची हे तिच्या मनात घर करून होतं. धर्मशाळा चालवणारी संस्था लहान मूल घेऊन सेवेकरी ठेवत नाही. बेनिग्नोनं शब्द टाकला म्हणून जमलं. "पोरगी कुणाच्या पायात येणार नाही, ती जबाबदारी माझी," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. तो सारागोसाचा, निवृत्त पोस्टमन, दर उन्हाळ्यात इथंच सेवेला.

फरशी पुसता पुसता तिला पिवळा ठिपका दिसला. मग दुसरा. ठिपक्यांमागे ठिपके अंगणातून अवजारांच्या खोलीपर्यंत गेले होते. तिथं रंगाचा डबा लवंडला होता आणि पिवळा ओघळ कोपऱ्यात साकळला होता. तोच रंग. यात्रेकरूंना वाट दाखवणारे फिके पडलेले बाण बेनिग्नो दर रविवारी याच रंगानं गिरवायचा, आणि गेल्या रविवारी त्यानं लिओनोरच्या हातात ब्रशही दिला होता.

"लिओनोर! इकडे ये. हात दाखव."

हात पिवळे, चपला पिवळ्या.

"काय रंगवलंस?"

"काही नाही."

खोलीच्या भिंतीवर पंजाएवढा पिवळा डाग होता. एवढ्यावरच निभावलं, असं फिलिपाला वाटलं. टर्पेंटाइननं पोरीचे हात चोळताना ती ओरडली, पोरगी रडली, आणि प्रकरण मिटलं. मसूर शिजायला टाकून ती कांदे चिरायला बसली.

बाहेर पावाच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाववाली आसुन्सिओन पाव आत आणून द्यायची नाही. गाडीतूनच हाक मारायची आणि चार गोष्टी ऐकवायची. पण आज ती खाली उतरली.

"काय ग बाई, वाट बदलली वाटतं तुम्ही? आम्हा गावकऱ्यांना सांगायची पद्धत आहे की नाही?"

"कसली वाट?" बेनिग्नो पावांची टोपली घेत म्हणाला.

"कबुतरखान्याशी नवा कोरा बाण काढलाय की. उजवीकडे. रानात! दोन जर्मन पोरी तिथं उभ्या राहून भांडत होत्या, एक म्हणते डावीकडे, एक म्हणते उजवीकडे. मी ओरडले, डावीकडे ग बायांनो, उजवीकडे सैतानसुद्धा जात नाही."

फिलिपाच्या हातातली सुरी कांद्यावर तशीच राहिली.

कबुतरखाना म्हणजे गावाच्या टोकाचं शेवटचं पडकं बांधकाम. तिथं गाडीवाट फुटते. डावी वाट यात्रेची. उजवी कापणी झालेल्या शेतांतून निघते आणि तशीच जात राहते. ना घर, ना झाड, ना नळ.

"आसुन्सिओन," तिनं विचारलं, आणि स्वतःचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला, "तुम्ही पुढच्या गावाकडूनच आलात ना? वाटेत लाल टोपीवाला म्हातारा दिसला? लंगडत चालणारा?"

"अख्खी वाट सडकेला लागून आहे. लाल टोपी दिसल्याशिवाय राहिली असती का?"

बेनिग्नोनं पुढच्या गावातल्या खानावळीत फोन लावला. पट्ट्या बांधलेला इटालियन? नाही. सकाळपासून नाही. तिकडून आणखी काहीतरी विचारत होते. बेनिग्नोनं फोन ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता, पण दुसऱ्याच क्षणी तो चढला.

"ही त्या लाकूडवाल्याची कार्टी! मागच्या वर्षी यांनीच बाणाचा खांब उपटून फेकला होता. आज मी त्यांच्या बापाच्या तोंडावर जाऊन..."

"तोंड सांभाळ," आसुन्सिओन म्हणाली. "माझ्या बहिणीची नातवंडं आहेत ती."

"म्हणूनच तर माजलीत!"

"तू बारा महिन्यांतून उन्हाळ्यापुरता येणार, आणि आमच्या पोरांना शिकवणार?"

फिलिपा उभी होती. काय झालंय ते तिला कळलं होतं. ते तोंडातून बाहेर काढणं तेवढं जमत नव्हतं. बेनिग्नोनं दिलेला शब्द, संस्था, रुई, सासूबाई, सगळे तिच्यासमोर ओळीनं उभे राहिले. आता आपण गप्प राहिलो तर हे दोघं लाकूडवाल्याकडे जातील, भांडतील, तोवर शोधाशोधही सुरू होईल. कुणाला काही कळायचं नाही. पण तोवर तो म्हातारा, एवढीशी बाटली घेऊन, तिनंच सांगितलं म्हणून मोठी न भरता...

"माझ्या लिओनोरनं काढलाय तो," ती म्हणाली.

दोघं थांबले.

"सकाळी मी त्यांचे पाय बांधत होते, तेव्हा. डबा लवंडलेला मघाशी पाहिला. मला वाटलं भिंतच रंगवलीय."

बेनिग्नोनं टोपली खाली ठेवली. ब्रश कुणी हातात दिला होता ते त्याला आठवलं असावं.

फिलिपा गुडघ्यांवर बसली. लिओनोर टेबलाखाली शिरली होती. ओरडायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. ओरडलीस तर पोरगी मिटून जाईल.

"बाळा, बाण का काढलास?"

"ओत्ताव्हिओ आजोबा परत यावे म्हणून."

"परत कसे येतील?"

"तिकडून!" हे मोठ्या माणसांना कळू नये याचं पोरीला आश्चर्य वाटलं. "पाण्याच्या पंपाकडे वळायचं, मग खळ्याच्या मागून आपलं घर येतं. बेनि आजोबांच्या कुत्र्याबरोबर गेलो होतो ना आपण. मग ते जेवायला परत येतात."

"मग पंपापाशी पण बाण काढलास?"

लिओनोरनं मान खाली घातली. "डबा जड होता. नुसता ब्रश नेला. एकच काढला."

मसुरांवरचं झाकण थडथडत होतं. बेनिग्नो म्हणाला, "मग घाबरायचं कारण नाही. पंपापर्यंत गेला असेल, काही नाही दिसलं की शहाणा माणूस मागं फिरतो. नाहीतर पंपावरच बसला असेल पाणी पीत. चल, पंपावर बघू."

"नाही," फिलिपा म्हणाली. "ते वळायचे नाहीत."

"का नाही?"

"बेनिग्नो, रोज रात्री जेवताना तुम्ही काय सांगता सगळ्यांना?"

बेनिग्नोनं तिच्याकडे पाहिलं. रोज सूप वाढून झालं की तो चमच्यानं पेला वाजवायचा आणि यात्रेकरूंना दोन शब्द ऐकवायचा. नव्यांना हसवायचा, जुन्यांना माना डोलवायला लावायचा. त्यातलं एक वाक्य कधी चुकायचं नाही. शंका आली तरी डोकं चालवू नका. बाण असेल तर बाणाच्या मागे. बाण नसेल तर सरळ.

"देवा," तो म्हणाला. "सरळ गेला असेल."

तेवढ्यात फाटकाबाहेर पिशव्या टेकल्याचे आवाज आले. आजचे पहिले यात्रेकरू रांगेत बसायला लागले होते. इमर्जन्सीला फोन करायचा, दार सांभाळायचं आणि तो बाण खरवडून काढायचा, ही कामं बेनिग्नोकडे आली. आसुन्सिओननं गाडीचं मागचं दार आपटलं. "चढ. पोरीला इथं ठेव."

"नाही. ती बरोबर येईल." आज या पोरीला नजरेआड करणं फिलिपाच्या हातून होणार नव्हतं.

गाडीत ताज्या पावाचा वास कोंडला होता, आणि खिडकी उघडली तर धूळ आत येत होती. कबुतरखान्याच्या दगडावर तो बाण दिसला. गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेपूट वाकडी, टोक बटबटीत. पिवळा मात्र अस्सल. खांबावरचा खरा बाण त्याच्यापुढे उन्हानं विटून मेला होता.

"आता चांगला टकटकीत काढलाय," आसुन्सिओन म्हणाली. "हिला नोकरीवर ठेवा." फिलिपा हसली नाही.

पंपाचं वळण आलं तशी आसुन्सिओननं वेग कमी केला. "पाणी इथंच आहे बघ. तहानलेला माणूस इथंच वळणार."

"इथं पाणी आहे हे त्यांना कुठं माहीत? सरळ घ्या."

"आणि तू चुकलीस तर?"

"सरळ घ्या हो!"

आसुन्सिओननं गाडी सरळ घातली. दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खोडं, डोळ्यांत खुपणारी. वाट नजर पोहोचेल तिथवर जात होती आणि तिच्यावर काही हलत नव्हतं. फिलिपाला वाटलं, आपण खरंच चुकलो असलो तर? पंपाच्या शेडमागे तो पडला असेल आणि आपण दर मिनिटाला त्याच्यापासून लांब चाललो असू. तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मागून लिओनोर म्हणाली, "आई, आजोबा हरवले का?"

"शोधतोय आपण."

"माझ्यामुळे?"

फिलिपाला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "आणि माझ्यामुळे पण. आता बाहेर बघ. लाल काही दिसलं की सांग."

लाल दिसलं नाही. निळं दिसलं. वाटेच्या मधोमध निळी पिशवी पडली होती. शिंपला वर, पट्टे पसरलेले. माणूस नव्हता.

गाडी पुरती थांबायच्या आत फिलिपा उतरली. "तू खाली यायचं नाही!" हे तिनं धावता धावताच सांगितलं. बाटली पिशवीशेजारी, रिकामी, झाकण उघडं. "ओत्ताव्हिओ! ओत्ताव्हिओ!" हाक शेतांवरून गेली ती गेलीच. आसुन्सिओन गाडीच्या टपावर चढली, कपाळावर हात धरून चहूकडे पाहू लागली. "काही नाही. कुत्रंही नाही."

पिशवी टाकून माणूस कुठं जातो? सावलीला. आणि इथं सावली कुठंय? फिलिपानं जागच्या जागी एक गिरकी घेतली. पुढं वाटेखालून कालव्याचा सिमेंटचा पाइप गेला होता, कालवा कोरडाठाक. ती उतारावरून घसरतच खाली गेली. पाइपातून बाहेर आलेले दोन पाय दिसले. पट्ट्या तिनंच बांधलेल्या.

"इथं! इथं आहेत!"

तो डोळे उघडे ठेवून पडला होता. ओठ पांढरे, कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली. तो बोलत होता. पुढचा थांबा, पुढचा थांबा, मागं सरका, दाराशी उभे राहू नका. फिलिपानं त्याला बगलेत धरलं, पण एकटीला तो हलेना. आसुन्सिओननं वरून पाण्याचा कॅन आणला, पाव झाकायची फडकी भिजवली. मानेवर, काखेत, कपाळावर. फिलिपा झाकणानं पाणी पाजू लागली.

"एकदम नको," आसुन्सिओन म्हणाली. "उलटी होईल."

"माहितेय. थांबा. हं, गिळा. ओत्ताव्हिओ, गिळा."

पहिलं झाकण हनुवटीवरून ओघळलं. दुसरंही. तिसऱ्याला घसा हलला. फिलिपानं लगेच चौथं भरलं. कितीतरी झाकणं गेली आणि मग त्याची नजर येऊन तिच्यावर टेकली.

"बाण नव्हता," तो म्हणाला. "मी सरळ आलो. बरोबर ना?"

"बरोबरच आलात तुम्ही. बाणच चुकीचा होता."

दोघींनी त्याला ओढून, उचलून, शिव्या घालत पावाच्या गाडीत टाकलं. शिव्या आसुन्सिओनच्या, पाइपाला, उन्हाला आणि इटलीला. लिओनोर कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि फडक्यानं त्याच्या पायांना वारा घालत राहिली. सडकेवर अ‍ॅम्ब्युलन्स उभीच होती. बेनिग्नोनं तिला कबुतरखान्याशी न बोलावता थेट शेताच्या पलीकडच्या टोकाला बोलावलं होतं, आणि त्यामुळे बराच वेळ वाचला. सलाइन लागलं. डॉक्टर तरुण होती; नाडी धरून घड्याळाकडे बघत होती. फिलिपा तिच्या तोंडाकडे.

"वाचतील," डॉक्टर म्हणाली. "दोन दिवस ठेवावं लागेल. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी हे बोलले नसते. पण हे इथं आले कसे? ही तर वाटच नाही."

आसुन्सिओन म्हणाली, "म्हातारा माणूस, चुकला असेल..." तिनं फिलिपाकडे पाहून डोळ्यांनी खुणावलं. पोरीच्या माथी कशाला मारतेस, असं त्या डोळ्यांत होतं.

"माझ्या मुलीनं खोटा बाण काढला," फिलिपा म्हणाली. "हिनं. आणि मी लक्ष ठेवलं नाही. लिहून घ्या तसं."

स्ट्रेचरवर ओत्ताव्हिओनं मान वळवली. गाडीच्या दारात उभ्या असलेल्या लिओनोरवर त्याची नजर स्थिरावली. फिलिपानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिला मागे ओढलं नाही. तो बोलणार होता ते ऐकून घेणं भाग होतं.

"तू काढलास?" त्याचा आवाज घोगरा होता, आणि त्यात लाड नव्हता. "मी मेलो असतो, पोरी. कळतं का?"

लिओनोरनं मान हलवली. तिला कितपत कळलं कोण जाणे. पण ओठ थरथरायला लागले होते.

"का काढलास?"

"तुम्ही जेवायला परत यावं म्हणून. दुसरा काढायचा होता. डबा जड होता."

म्हाताऱ्यानं तिच्या पिवळ्या चपलांकडे पाहिलं. "एकच काढला," तो म्हणाला. "अर्ध्या रस्त्यात उतरवलंस की ग मला." मग त्यानं डोळे मिटले. रागावला होता की दमला होता, फिलिपाला ठरवता आलं नाही. दारं लागली. अ‍ॅम्ब्युलन्स गेली.

परतताना आसुन्सिओनच पहिल्यांदा बोलली. "संस्थेला कळवणार?"

"आजच."

"घरी धाडतील तुला."

"धाडू देत."

कबुतरखान्याशी बेनिग्नो गुडघ्यांवर बसला होता. तारेचा ब्रश, टर्पेंटाइन, घामानं चिकटलेला सदरा. दार सांभाळायचं काम तो रांगेतल्या कुणावर तरी टाकून आला होता. गाडी थांबली तरी त्याच्यानं उठवलं नाही. तो नुसता वर बघत राहिला. फिलिपानं उतरता उतरताच सांगितलं, "आहेत. वाचतील." त्यानं मान डोलावली, ब्रश जमिनीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तळहातांनी डोळे दाबून बसला.

"ब्रश मीच दिला होता तिला," तो म्हणाला.

"मला माहितेय."

"संस्थेला ते पण सांग."

"तुम्हीच सांगा. मी माझं सांगते."

मग ती त्याच्या शेजारी बसली. दगड खडबडीत होता. रंग त्याच्या रंध्रारंध्रांत शिरला होता. घासून घासून शेपूट गेली, अर्धा दांडा गेला. टोक मात्र हटता हटेना. लिओनोर चिंधी धरून उभी होती. तिच्यावर कुणी काही काम सोपवलं नव्हतं, पण ती तिथून हलतही नव्हती.

गावातून एक यात्रेकरू आला. उशिरा निघालेला, उंच, गळ्यात टॉवेल. खरवडलेल्या दगडापाशी दोन मोठी माणसं गुडघे टेकून घासतायत, शेजारी पावाची गाडी उभी आहे, हे सगळं त्याला दिसत होतं. तो थांबला. त्यानं पिवळ्या टोकाकडे पाहिलं, आदबीनं मान लववली, आणि पाऊल उजवीकडे टाकलं.

"डावीकडे!" चौघंही एकदम ओरडली.